दोन डगरींवर हात: एकच मस्टँग, शनिवारी ड्रॅग, रविवारी वळणं. सस्पेन्शन कसं लावू?

मिशिगनकर_बंड्या (धागाकर्ता) · ३ मे

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसताच वाचतोय, धागा आज पहिल्यांदा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मुक्काम कलामझू, मिशिगन. गाडी २०१२ ची मस्टँग जीटी, ५ लिटरचं व्ही-८ इंजिन, सहा गिअर हाताने टाकायचे, डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.७३. मागचं अॅक्सल अखंड, म्हणजे आपल्या जीपसारखं एकच हाऊसिंग. ते धरायला खाली दोन दांड्या, वर एक, आणि अॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून आडवा पॅनहार्ड रॉड. पुढे मॅकफर्सन स्ट्रट. आधीच्या मालकाने गाडी दीड इंच खाली बसवली होती, बाकी सगळं कंपनीचं.

घरापासून अर्ध्या तासावर मार्टिन गावात यूएस १३१ ची ड्रॅग पट्टी आहे, थांबल्या जागेवरून सुटून सरळ पाव मैल पळायची. दुसऱ्या दिशेला, मिशिगन तळ्याकाठी साउथ हेवनला जिंजरमॅनचा ट्रॅक. शिवाय महिन्यातून एकदा एका रिकाम्या पार्किंगमध्ये ऑटोक्रॉस असतो. कोन मांडून ठेवलेले असतात, त्यांतून वाकडंतिकडं, घड्याळाशी शर्यत लावून पळायचं. मला तिन्ही आवडतात आणि गाडी एकच आहे.

पट्टीवर सुटताना मागून धड-धड-धड आवाज येतो, चाकं उड्या मारतात, दात वाजतात. पहिले ६० फूट २.०५ सेकंदांत, पाव मैल १३.२. ऑटोक्रॉसला तक्रार बरोबर उलटी: स्टिअरिंग वळवलं तरी नाक सरळच जायला बघतं.

पट्टीवरचे म्हणतात, पुढचं मऊ कर, पुढचा स्टॅबिलायझर (गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा बार) काढून माळ्यावर टाक. ट्रॅकवाले म्हणतात, सगळं कडक कर. कोणाचं ऐकू? खर्चाची मर्यादा दोन हजार डॉलर, टायर धरून.

कटकट्या · ३ मे

सोपं आहे. दोन गाड्या घ्या.

तळेगावचा_तात्या · ३ मे

बंड्या, आमच्या खेड-जुन्नर भागात बैलगाडा घाटात, म्हणजे शर्यतीच्या पट्टीवर पळतो. बारी, म्हणजे एक फेरी, सेकंदांवर मोजतात, तुझ्या त्या पट्टीसारखीच. आता सांग, घाटात पळणारा बैल कोणी नांगराला जुंपतो का? तो सरळ सुटायला शिकलेला. त्याला बांधाशी वळवायला गेलास तर तुला घेऊन बांधाखाली जाईल.

तरी एक सांगतो. ती धडधड म्हणजे अॅक्सल पीळ खातंय. मी तीस वर्षं अँबॅसेडर आणि जीपा उघडल्यात. पाट्याच्या गाडीत जोरात क्लच सोडला की पाटा इंग्रजी एससारखा वाकतो, पिनियनचं (शाफ्ट अॅक्सलला जिथे जोडतो त्या दातेरी गिअरचं) तोंड वर जातं, मग पाटा उलटा झटका मारतो, चाक उडतं. आम्ही पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागाला जादा क्लॅम्प मारायचो. मागचा अर्धा मोकळा. बऱ्यापैकी जमायचं.

वक्रगती · ४ मे

तात्या, तुमच्या क्लॅम्पला मुजरा. साठच्या दशकात क्रायस्लरने ड्रॅगच्या गाड्यांना नेमकं हेच तत्त्व लावलं. अॅक्सल पाट्याच्या मध्यावर न ठेवता पुढे सरकवलेलं, म्हणजे पुढचा भाग आखूड आणि ताठ, मागचा लांब आणि लवचिक. पुढचा भाग दांडीचं काम करतो, मागचा स्प्रिंगचं.

बंड्या, तुझ्या गाडीत पाटे नाहीत पण दुखणं त्याच जातीचं आहे. आधी एक गैरसमज काढून टाकू, नाहीतर दोन हजार डॉलर चुकीच्या खोक्यात जातील. 'पुढचं मऊ केलं की वजन मागे जातं' हे पट्टीवरचं आवडतं वाक्य आहे. हिशेब करून बघ.

तुझ्यासकट गाडी १७०० किलो धरू. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.७२ मीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण अर्धा मीटर. सुटताना ०.७ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट वेगवाढ) मिळाला, तर मागे सरकणारा भार = १७०० × ०.७ × ०.५ ÷ २.७२, म्हणजे २१९ किलो. उभ्या गाडीत मागच्या चाकांवर सुमारे ७८० असतात, ते जवळजवळ हजार होतात. या गणितात स्प्रिंग कुठे आहे? कुठेच नाही. दगडासारख्या कडक स्प्रिंगा लाव, नाहीतर गादीसारख्या. २१९ ते २१९.

नवशिक्या_नील · ४ मे

माफ करा, पण मग फोटोंत सगळ्या ड्रॅगच्या गाड्या नाक वर करून का सुटतात? ते काय शोभेला?

वक्रगती · ४ मे

अजिबात माफी नको, हाच प्रश्न हवा होता. नाक वर जाणं हा भार सरकल्याचा परिणाम आहे, कारण नव्हे. थोडा उलट फायदा आहे, तोही मोजू. नाक ५ सेंटिमीटर उचललं आणि मागचं बूड २ बसलं, तर गुरुत्वमध्य जेमतेम २ सेंटिमीटर वर येतो. अर्ध्या मीटरवर २ सेंटिमीटर म्हणजे ४ टक्के. २१९ चे ४ टक्के, ९ किलो. तुझी डिकीतली अवजारांची पेटी याहून जड असेल.

मऊ पुढच्या बाजूचा खरा उपयोग वेगळा. भार किती जातो ते बदलत नाही, कसा जातो ते बदलतं. झटक्याने आदळतो की टायरला सावरायला वेळ देत सरकतो, एवढाच फरक. आणि 'कसा' हे काम स्प्रिंगपेक्षा शॉकअप जास्त ठरवतो. जुने ड्रॅगवाले ९०/१० चे पुढचे शॉकअप लावायचे ते याचसाठी: उघडताना सैल, दबताना कडक. नाक चटकन वर येतं आणि गिअर बदलताना खाली आपटत नाही. पण असे शॉकअप घेऊन वळणात जाशील तर गाडी होडी होईल.

म्हणून: स्प्रिंगा वळणाच्या हिशेबाने घे, शॉकअप खटक्याने कडक-सैल करता येतील असे घे. पट्टीवर तुझा तोटा त्या ९ किलोंएवढा.

सिटीवाला_पार्ले · ४ मे

बंड्याभाऊ, आमची फ्रंट व्हील ड्राइव्हवाल्यांची कथा ऐका आणि देवाचे आभार माना. माझी जुनी होंडा सिटी व्हीटेक, १.५ लिटर, कागदावर १०६ बीएचपी. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर द व्हॅली रन या ड्रॅग शर्यतीत दोनदा पळवली. तुमचे २१९ किलो ज्या चाकांवर जातात ती गाडी ओढतात. आमचे ज्या चाकांवरून उठतात ती ओढतात! गिअर टाकला की पुढची चाकं हलकी, मागची फुकट जड.

पण गंमत अशी की आमच्याकडे दोन्ही देव एकाच देवळात आहेत. मागचा स्टॅबिलायझर जाड केला की वळणात पुढच्या आतल्या चाकावर भार राहतो, नाक आत वळतं. मागच्या स्प्रिंगा कडक केल्या की सुटताना बूड बसत नाही, नाक कमी उचललं जातं, पुढच्या टायरला धक्का कमी. पट्टी आणि वळण दोन्हीकडे तेच सामान. मी धावपट्टीवर फक्त मागच्या टायरची हवा वाढवायचो आणि पुढची थोडी उतरवायचो. बस्स. लोणावळ्याहून परत येताना तीच गाडी, तेच सेटिंग.

रिअर व्हील ड्राइव्हवाल्यांनाच हा दोन डगरींचा खेळ परवडतो.

कटकट्या · ४ मे

१०६ बीएचपीत तुमची चाकं जागेवर फिरायची? ऐकून बरं वाटलं. (मी अजूनही दोन गाड्यांवर ठाम आहे.)

स्वाती_ह्यूस्टन · ५ मे

मी २०१५ नंतरच्या मस्टँगची मालकीण, म्हणजे मागे स्वतंत्र सस्पेन्शन. बंड्या, तुला हेवा वाटायचं कारण नाही. १९९९ ते २००४ च्या मस्टँग कोब्राला फोर्डने स्वतंत्र मागचं सस्पेन्शन दिलं होतं, तर पट्टीवरच्या कित्येकांनी ते काढून अखंड अॅक्सल बसवलं. सरळ रेषेत अखंड अॅक्सल हे वरदान आहे. चाकाचा कॅम्बर (उभ्या रेषेपासूनचा कल) बदलत नाही, दणका सोसतं.

धडधडीचं कारण मी पैज लावून सांगते: गाडी दीड इंच खाली बसवली आणि खालच्या दांड्या होत्या तशाच ठेवल्या. गाडीखाली झोपून बघ. खालच्या दांडीचं अॅक्सलकडचं टोक पुढच्या टोकापेक्षा वर गेलं असणार. दांडी मागे चढती झाली की अॅक्सल गाडीला वर ढकलायच्या ऐवजी खाली ओढतं, टायर सुटतो, पकडतो, सुटतो. त्यात कंपनीचे रबरी बुश (दांडीच्या टोकांतले सांधे) चिखलासारखे. कंस (ब्रॅकेट) मिळतात, अॅक्सलला बोल्टने लागतात, दांडीचं मागचं टोक खाली आणतात. भोकं दोन-तीन असतात.

बुशचं एक लक्षात ठेव: दांडीच्या दोन्ही टोकांना कडक पॉलियुरेथेन घालू नकोस. गाडी वळणात कलते तेव्हा दांडीला पीळ घ्यावा लागतो. दोन्हीकडे पॉली असेल तर ती अडकते आणि मागचं टोक अचानक सुटतं. एका टोकाला पॉली, दुसऱ्याला रबर किंवा गोल सांधा.

मिशिगनकर_बंड्या · ५ मे

स्वातीताई, आत्ताच गाडीखालून आलो. मिश्यांना ग्रीस लागलंय. दांडी मागे चढती आहे, पट्टी धरून मोजली, मागचं टोक बोटभर वर. पैज जिंकलात.

मग कंस लावून सगळ्यात खालच्या भोकात टाकू ना? जास्त म्हणजे चांगलं?

वक्रगती · ५ मे

थांब. इथेच दोन डगरी सुरू होतात.

खालच्या भोकात टाकलीस की दांडी मागे उतरती होते. सुटताना अॅक्सल शरीराला वर उचलायला बघतं, त्याची प्रतिक्रिया म्हणून टायर जमिनीत दाबला जातो. पट्टीवर झकास. आता वळणाचं बघ. गाडी बाहेर कलली की बाहेरचं चाक गाडीच्या मानाने वर येतं. उतरती दांडी वर आली की आडवी होते, म्हणजे चाक मागे सरकतं. आतलं चाक खाली जातं, दांडी अजून उतरते, चाक पुढे सरकतं. बाहेरचं मागे, आतलं पुढे. अख्खं अॅक्सल वळणाच्या बाहेर तोंड करून बसलं. तू स्टिअरिंग हलवलं नाहीस तरी मागची चाकं स्वतःहून वळताहेत, आणि तीही शेपूट बाहेर फेकायच्या दिशेने. शिवाय जोरात ब्रेक मारलास की मागचं उड्या मारतं, कारण जी दांडी सुटताना दाबते तीच ब्रेक लावताना उचलते.

मधलं भोक. दांडी साधारण आडवी किंवा केसभर उतरती. तेवढ्यावर थांब.

तळेगावचा_तात्या · ५ मे

हे पटलं. आमच्या वडाप जीपवाल्यांनी मागचे पाटे चढवून घेतले की रिकामी जीप वळणावर शेपूट हलवायची. कारण आज कळलं, चाळीस वर्षांनी.

नवशिक्या_नील · ६ मे

पुढचा स्टॅबिलायझर काढायचा सल्ला मग चूकच ना? भार तर तसाही जातोच म्हणता.

वक्रगती · ६ मे

चूक नाही, पण कारण लोक चुकीचं सांगतात. नाक मोकळं सुटावं म्हणून काढतात म्हणे. दोन्ही चाकं एकदम वर-खाली होतात तेव्हा स्टॅबिलायझर नुसता फिरतो, अडवत काहीच नाही. तो अडवतो फक्त कलणं. मग सरळ पट्टीवर कलायचा संबंध काय? इथे खरी मजा आहे.

प्रॉपेलर शाफ्ट फिरतो तो नुसता क्राउन (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चक्र) फिरवत नाही, अख्ख्या हाऊसिंगलाही पीळ देतो. तुझ्या गाडीत ०.७ जी ने सुटताना शाफ्टवर सुमारे १०३० न्यूटन मीटर असतात. मागची चाकं १.६ मीटर अंतरावर. १०३० भागिले १.६, म्हणजे ६४४ न्यूटन, साधारण ६५ किलोंचं वजन. एवढा भार उजव्या मागच्या चाकावरून उठतो आणि डाव्यावर जातो. वर अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणजे आधीच उजवं मागचं चाक हलकं.

आता दुसरी बाजू. इंजिन शाफ्टला पीळ देतं, तेव्हा तेवढाच उलटा पीळ गाडीच्या शरीराला बसतो. शरीर उजवीकडे कलतं. म्हणून फोटोंत पुढचं डावं चाक आधी उचललेलं दिसतं. हे कलणं मागच्या स्प्रिंगांनी आणि मागच्या स्टॅबिलायझरने रोखलं, तर ते उजव्या मागच्या चाकावर दाब देतात आणि गेलेले ६५ किलो परत येतात. पुढच्या बाजूने रोखलं, तर तो दाब पुढच्या उजव्या चाकावर वाया जातो. कंपनीच्या गाडीत पुढची बाजू जास्त कडक असते. समजा दोन तृतीयांश तिने घेतलं, तर मागे परतफेड एक तृतीयांशच.

पुढचा स्टॅबिलायझर सोडलास की पुढचा हिस्सा एकदम घटतो, परतफेड वाढते, दोन्ही टायर सारखे दाबले जातात, गाडी सरळ सुटते. काही जण उजव्या मागच्या स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी भरतात, तेही याच ६५ किलोंसाठी. आणि स्वातीच्या गाडीत डिफरन्शियल शरीराला बोल्टने बांधलेलं आहे, त्यामुळे पीळ गाडीतल्या गाडीत जिरतो. तिला ही भानगडच नाही.

म्हणून तुझ्यासाठी: मागचा स्टॅबिलायझर एक पायरी जाड घे. पट्टीवर परतफेड वाढेल, आणि वळणात नाक सरळ जायची तुझी तक्रारही त्यानेच कमी होईल. पण एकच पायरी. फार जाड केलास तर वळणातून गॅस देत बाहेर पडताना आतलं मागचं चाक तरंगेल. पुढच्या स्टॅबिलायझरची लिंक (बार चाकाकडे जोडणारी छोटी दांडी) एका बाजूने सोडायची, फक्त पट्टीवर. एका बाजूने सोडली की पुरे, बार मोकळा फिरतो. सुटलेली लिंक झिप टायने बांध, नाहीतर ब्रेकच्या होजवर घासेल.

स्वाती_ह्यूस्टन · ६ मे

+१. माझा नियम सांगते, वर्षानुवर्षं ठेचा खाऊन बनवलाय. पिटमध्ये अर्ध्या तासात दोन पान्यांनी जे बदलता येतं ते पट्टीसाठी वापरायचं. जे बदलायला गाडी लिफ्टवर चढवावी लागते ते वळणासाठी लावायचं आणि विसरून जायचं. स्प्रिंग, दांडीचं भोक, बुश, पुढचा कॅम्बर हे वळणाचं. मागचे टायर, हवा, शॉकअपचे खटके, लिंक हे पट्टीचं.

कॅम्बर पुढे उणे २ अंशांपर्यंत ने, घाबरू नकोस. सरळ रेषेत त्याने काही बिघडत नाही. टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) शून्य. पॅनहार्ड रॉड लांबी बदलता येणारा घे. गाडी खाली बसली की अॅक्सल एका बाजूला सरकतं, तुझं सरकलंय याचीही पैज लावते.

आणि शॉकअपला खटके ही काही नवलाई नव्हे. तुझ्याच वर्षीच्या मस्टँग बॉस ३०२ ला कंपनीतूनच पाच पायऱ्यांचे शॉकअप यायचे, पुढचे बॉनेट उघडून आणि मागचे डिकीतून, साध्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचे. फोर्डलाही माहीत होतं की लोक दोन्हीकडे जाणार.

संपादक मंडळ · ७ मे

याच धाग्यातल्या दोन प्रतिसादांत ताम्हिणीत आणि द्रुतगती मार्गावर 'टेस्टिंग' करायच्या गप्पा होत्या, त्या काढल्या आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ (रस्त्यावर शर्यत लावण्याबद्दल) वाचावं. गाडीत बदल करणाऱ्यांनी कलम ५२ सुद्धा. चर्चा बंद पट्टी आणि ट्रॅकपुरती ठेवा.

मिशिगनकर_बंड्या · २ जून

मंडळी, महिनाभर गायब होतो, गॅरेजमध्ये होतो. अहवाल देतो.

लावलेलं सामान: कंस (मधलं भोक), एका टोकाला पॉली असलेल्या खालच्या दांड्या, बदलता येणारा पॅनहार्ड (अॅक्सल खरंच सरकलं होतं, डावीकडे), खटक्यांचे शॉकअप, मागचा स्टॅबिलायझर एक पायरी जाड, कॅम्बर उणे १.९. मागे १७ इंची रिमवर ड्रॅग रेडियल (पट्टीसाठीचे चिकट टायर), जुने वापरलेले. बजेट ओलांडलं. किती ते बायको पण इथे वाचते म्हणून सांगत नाही.

एक कबुली. वक्रगतींनी मधलं भोक सांगूनही आधी सगळ्यात खालचं करून बघितलं. रिकाम्या मैदानात ब्रेक मारला तर मागचं टोक ठोकठोक करत आडवं यायला लागलं. त्याच संध्याकाळी मधल्या भोकात आणलं.

शनिवारी मार्टिनला गेलो. रेडियल चढवले, हवा १८ पीएसआय, पुढचे शॉकअप सगळ्यात सैल, लिंक सोडून बांधली. पाण्याच्या डबक्याला पुढची चाकं बाजूने काढली, नुसती मागची ओली केली, जराशी फिरवून वाळवली. दिवे उतरले, क्लच सोडला. धडधड नाही! नाक उचललं, डावीकडून जरा जास्त, आणि गाडी पाठीत गुद्दा मारल्यासारखी गेली. ६० फूट १.७८. पाव मैल १२.७.

मग वक्रगतींच्या ६५ किलोंची परीक्षा घ्यावी म्हणून लिंक पुन्हा जोडून, बाकी सगळं तसंच ठेवून पळालो. १.८३. म्हणजे खरी करामत टायर आणि दांड्यांची, लिंकने दिले पाच शतांश. पण लिंक जोडलेली असताना गाडी सुटताना किंचित उजवीकडे ओढत होती, हात लावावा लागला. सोडल्यावर बाणासारखी. पुढच्या फेरीला पुन्हा सोडली.

वक्रगती · २ जून

वा! एका वेळी एकच गोष्ट बदललीस हे सगळ्यात आवडलं. उजवीकडे ओढणं अपेक्षितच: डावं मागचं चाक जास्त दाबलेलं, ते जास्त ढकलतं. पिनियनचा कोन मोजलास का? दांड्या बदलल्यावर तोही बदलतो. सुटताना पिनियनचं नाक वर उठतं, म्हणून उभ्या गाडीत शाफ्टच्या रेषेच्या एक-दोन अंश खाली ठेवायचा.

कटकट्या · २ जून

आणि दुसऱ्या दिवशी? रविवार होता ना?

मिशिगनकर_बंड्या · ३ जून

कटकट्या, तुम्हाला वास येतो का?

रविवारी ऑटोक्रॉस. शनिवारी रात्री टायर बदलले, हवा ३३, शॉकअप पुढे कडक. सगळं यादीप्रमाणे, छाती फुगवून. पहिली फेरी. पहिल्या वळणात गाडी होडीसारखी कलली, वाटलं नवीन शॉकअपची सवय नाही. दुसऱ्यात नाक असं आत वळलं की मी खूश, अंडरस्टिअर (ते नाक सरळ जाणं) गेला म्हणून! कोनांच्या रांगेत डावा-उजवा-डावा करताना तिसऱ्या कोनाला मागचं टोक माझ्या खिडकीतून दिसलं. गाडी पूर्ण फिरली, दोन कोन पोटाखाली. कोन उचलायला आलेला पोरगा वाकून म्हणाला, तुमच्या पुढच्या चाकामागे झिप टायने काहीतरी बांधलंय, ते तसंच असतं का?

लिंक. जोडायला विसरलो होतो.

सिटीवाला_पार्ले · ३ जून

हसू आवरेना, लोकलमध्ये लोक बघताहेत.

वक्रगती · ३ जून

कुणाला लागलं नाही ना? मग मीही हसतो. पुढचा बार सुटलेला, मागचा एक पायरी जाड, शेपूट बाहेर आलं नसतं तरच नवल. शनिवारी जे पाच शतांश मिळाले त्याचं बिल रविवारी आलं. पार्किंगमध्ये आलं हे नशीब. जिंजरमॅनला याच अवस्थेत गेला असतास तर?

मिशिगनकर_बंड्या · ३ जून

तोच विचार करत घरी आलो. घाम फुटला.

लिंक जोडून उरलेल्या तीन फेऱ्या केल्या. महिन्यापूर्वीच्या आणि आताच्या गाडीत जमीन-अस्मानाचा फरक. नाक वळतं, मागचं ऐकतं. फक्त गॅस जरा लवकर दिला की आतलं चाक किंचित फिरतं, ते माझ्या पायाचं काम.

आता नियम केलाय. लिंक सोडली की तिचा बोल्ट आणि नट गाडीच्या चावीच्या जुडग्यात. घरी जायला चावी हातात घेतली की बोल्ट हातात येणार.

स्वाती_ह्यूस्टन · ३ जून

नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) नट आहे ना? तो पुन्हा पुन्हा वापरू नकोस, नायलॉन झिजलं की आपोआप सैल होतो. डझनभर आणून ठेव, दरवेळी नवा.

तळेगावचा_तात्या · ४ जून

बंड्या, बैल घाटातही पळला आणि नांगरालाही लागला म्हणायचा. फक्त जू बदलायला विसरू नकोस. पुढच्या वेळी तळेगावला आलास की गाडी नाही आणलीस तरी चालेल, ते कंस आण. पोराच्या जीपला लागतात का बघू.

मिशिगनकर_बंड्या · ४ जून

तात्या, जीपला पाटे आहेत, कंस नाही लागायचे. तुमचा क्लॅम्पच बरा.

डिसेंबरात येतोय. नट डझनभर मागवलेत, स्वातीताई.